किराळ, कोळसा आणि हवाई बेटांवरच्या शेळ्या

ज्वारी विषारी असते, असं मी समोर बसलेल्या पोरांना म्हटलं की ओजस हातातली भाकरी खाली ठेवतो. ठेवू नकोस रे, खा. पिकल्या दाण्यात ते विष नसतं. वाळलेल्या कडब्याचीही भीती नाही आणि हुरडा तर पोटभर खा. विष असतं ते गुडघाभर उंचीच्या, पोपटी, लुसलुशीत ज्वारीत. म्हणजे जी बघून कुठल्याही गाईच्या तोंडाला पाणी सुटावं, नेमकी तीच. आपल्याकडं त्याला किराळ म्हणतात. अमक्याच्या गाईला किराळ लागलं, असं कानावर आलं की माणसं हातातलं काम टाकून गोठ्याकडं पळत सुटत, कारण तिथं वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. आषाढी एकादशीच्या सुट्टीला मी मामाकडं, मंगळवेढ्याजवळ गेलो होतो. मृगात एकदा बरा पाऊस झाला आणि मग जो दडी मारून बसला तो बसलाच. मामा वारीला पंढरपुरात. त्यांची हरणी नावाची खिलार गाय दिवसभर माळावर होती, आणि माळावर खाण्यासारखं काय, तर दगड. तिची दीड वर्षाची कालवड घरीच होती. मामीनं दुपारी तिच्यापुढं कडब्याची पेंढी टाकली होती. ही पेंढी नीट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

संध्याकाळी हरणी माळावरून आली ती गोठ्यात न शिरता सरळ बांध ओलांडून शेजारच्या कडवळात घुसली. कडवळ म्हणजे वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी. त्याची एक कापणी होऊन गेली होती, खोडांना नवे फुटवे आले होते आणि पाण्याची ओढ बसल्यानं ते ढोपराएवढे होऊन तिथंच थांबले होते. आईमागं कालवडही दावं तोडून गेली. आम्ही पोरं हाकलायला धावलो, पण उपाशी गाईला कोवळ्या कडवळातून बाहेर काढणं सोपं नसतं. ती मान वर न करता ओरबाडत होती. बाहेर काढून आणली तेव्हा ठीक दिसत होती. गोठ्याच्या दारात मात्र तिचे मागचे पाय लटपटले. तोंडाला फेस आला, नाकपुड्या फुलल्या, भाता चालावा तसा श्वास सुरू झाला आणि ती धाडकन आडवी झाली.

शेजारचे तात्या आले. गावातल्या गुरांचं दुखणं-खुपणं तेच बघत. त्यांनी हरणीची पापणी उलटून पाहिली. आतली कातडी लालभडक होती. तात्या एवढंच म्हणाले, "किराळ." कुणीतरी चिंचेचा कोळ आणि बांबूचं नळकांडं घेऊन धावत आलं, तर तात्या त्याच्यावर खेकसले, "पडलेल्या जनावराच्या नरड्यात काही ओतायचं नाही! फुफ्फुसात जाईल." मग ते कालवडीकडं वळले. ती थरथरत होती, पण उभी होती आणि गिळत होती. तिला त्यांनी चिंचेचा कोळ, गूळ आणि ताक असं थोडं थोडं पाजलं, तिची मान सरळ धरून, मध्ये थांबत. एक गडी सायकलवरून तालुक्याच्या दवाखान्याकडं सुटला होता. डॉक्टर फटफटीवरून आले तोवर हरणी गेली होती. कालवडीच्या मानेतल्या शिरेत त्यांनी सुई घातली तेव्हा मी कंदील धरून अगदी जवळ उभा होतो. शिरेतलं रक्त काळपट असतं, हे मला शाळेत शिकवलेलं. सुईतून आलं ते कुंकवासारखं लाल. डॉक्टरांनी एकामागून एक दोन औषधं शिरेतून दिली. रात्री जेवणं व्हायच्या वेळेला कालवड रवंथ करत बसली होती.

आणि गावात वाद पेटला. कालवड वाचली ती चिंचेनं की सुईनं? मामी चिंचेच्या बाजूनं, मास्तर सुईच्या बाजूनं, आणि दोघंही ठाम. मला त्या वादाचा निकाल लावायला बरीच वर्षं लागली. आता तो तुमच्यापुढं मांडतो, पण आधी ज्वारीच्या पानात जाऊन येऊ.

मुक्ता, कांदा नुसता हातात धरला तर डोळ्यांत पाणी येतं का? नाही. चिरला की येतं. कारण कांद्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात आणि सुरी फिरली की त्यांची गाठ पडते. ज्वारीच्या पानातही अगदी हाच बंदोबस्त आहे. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत धुर्रिन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. साखरेच्या एका रेणूला बांधलेला, म्हणून तो शांत असतो. त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या हिरव्या पेशींत बसलेलं असतं. पान धड आहे तोवर दोघांची भेट नाही. दातांखाली पान चिरडलं की विकर धुर्रिनला फोडतं आणि त्यातून सायनाइड मोकळं होतं. हो, तेच सायनाइड, तुमच्या रहस्यकथांतलं. लंडनमध्ये डन्स्टन आणि हेन्री या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी 1902 साली कोवळ्या ज्वारीतून हे धुर्रिन वेगळं काढलं. अरबी लोक ज्वारीला धुर्रा म्हणतात, त्यावरून हे नाव. नाईलकाठच्या शेतकऱ्याला कोवळा धुर्रा कसा असतो, हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याइतकंच ठाऊक होतं.

ज्वारी हे करते कशाला? स्वतःला वाचवायला. कोवळं रोप कुणीही खाऊन फस्त करावं असं असतं. त्या वयात विष बाळगलं तर टिकाव लागतो. रोप मोठं झालं, पोटरीत आलं, निसवलं, की पानातलं धुर्रिन कमी होत जातं. म्हणून म्हातारी माणसं सांगत, पोटरीत येईपर्यंत कडवळ गुरापुढं टाकू नका. पावसानं ताण दिला, रोप खुंटलं, की विष वाढतं. युरियाचा हात सढळ सुटला असेल तर आणखी वाढतं, कारण धुर्रिन बनवायला नत्र लागतं. कापणीनंतरचा फुटवा तर फारच वाईट. हरणीच्या नशिबी फुटवा आणि ताण एकदम आले. उलट कापून चांगली वाळवली की सायनाइड बरंचसं उडून जातं, म्हणून कडबा बिनघोर. आणि हो, ज्वारीला मोड आणून कच्ची खाऊ नका. मटकीला येतात तसे मोड ज्वारीलाही येतात, पण त्या कोंबात धुर्रिन ठासून भरलेलं असतं. हल्ली लोक काहीही भिजवून खातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता गाईच्या पोटात. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातलं पहिलं, कोटीपोट, मोठ्या गाईत शंभर लिटरच्याही पुढं जातं. त्यात ऊब असते, ओल असते, हवा नसते, आणि एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. गवत पचवतात ते हेच, गाय फक्त चावते. पण धुर्रिन आलं की या जिवाणूंचा उत्साह नडतो. ते त्यालाही फोडतात. पानातलं विकर आणि पोटातले जिवाणू मिळून सायनाइड भराभर मोकळं करतात आणि ते रक्तात जातं. घोड्याच्या पोटात आंबटपणा जास्त, तिथं हा कारभार इतक्या जोरात चालत नाही. त्यामुळं तेच कडवळ घोड्याला गाईइतकं बाधत नाही.

रक्तात गेलेलं सायनाइड पेशींपर्यंत पोहोचतं आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या विकरातल्या लोहाला चिकटतं. प्राणवायू वापरण्याचं शेवटचं काम हे विकर करतं. ते अडलं की रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशींना तो घेता येत नाही. गाय धापा टाकते, हवा आत जाते, रक्त लाल होतं आणि तसंच लाल परत येतं, न वापरलेलं. तात्यांनी पापणीत पाहिलं ते हेच आणि मला सुईत दिसलं तेही हेच. भरल्या हवेत गुदमरून मरण्याचा हा प्रकार आहे.

मग चिंचेचं काय? मामीच्या बाजूनं बोलायचं तर आंबट देण्यामागं खरंच तथ्य आहे. कोटीपोट आंबट झालं की धुर्रिन फोडण्याचं काम मंदावतं, म्हणजे पोट थोडं घोड्यासारखं होतं. आजचे पशुवैद्यही अशा जनावराच्या पोटात नळीनं व्हिनेगर आणि थंड पाणी सोडतात. पण ते देतात लिटरच्या हिशेबात. गाय दिवसाला शंभराच्या आसपास लिटर लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो. तांब्याभर चिंचेचा कोळ त्यात कुठं जाणार? काही मिनिटं उसंत मिळाली असेल, तर तेवढीच.

गुळाची गंमत आणखी वेगळी आहे. किलियानी नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1885 च्या सुमारास दाखवलं की द्राक्षशर्करेच्या रेणूचं जे मोकळं टोक असतं, त्याला सायनाइड जाऊन चिकटतं. म्हणजे कागदावर गूळ हा सायनाइडवरचा उतारा! पण गुळात बहुतेक साखर उसाची, तिचं ते टोक बांधलेलं असतं. मोकळी द्राक्षशर्करा थोडी, आणि चिकटण्याची क्रिया संथ. पडलेल्या गाईकडं एवढा वेळ नसतो. गुळाला मी शत्रू म्हणणार नाही, पण त्याच्या भरवशावर कुणी दवाखान्यात जायचं थांबलं तर ते चूक.

डॉक्टरांच्या दोन औषधांत पहिलं होतं सोडियम नायट्राइट. ते रक्तातल्या थोड्या हिमोग्लोबिनचं लोह असं बदलतं की सायनाइड पेशीतलं लोह सोडून त्याला जाऊन चिकटतं. पेशी मोकळी होते. दुसरं सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओत फोटो पक्का करायला 'हायपो' वापरत, तेच हे. त्यातलं गंधक सायनाइडला मिळालं की त्याचं थायोसायनेट होतं, ते फारसं विषारी नाही आणि लघवीवाटे निघून जातं. हे जोडकाम करणारं विकर मात्र डॉक्टर बाटलीतून आणत नाहीत. ते गाईच्या यकृतात आधीच असतं. ऱ्होडानेज त्याचं नाव, कॉनराड लांग यानं ते 1933 साली ओळखलं. ज्वारी, जवस, असल्या गोष्टी खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात सायनाइड झाडून काढणारा हा गडी रोजच कामावर असतो. तो दमतो ते फक्त एकदम ढीग येऊन पडला की.

आता त्या पेंढीकडं या. कालवडीचं पोट कडब्यानं भरलेलं होतं. ती आईमागून गेली, पण खाल्लं कमी आणि सावकाश. आलेलं विष तिच्या यकृताला बरंचसं पेलवलं, उरलेल्यासाठी डॉक्टर पोहोचले. हरणीनं उपाशीपोटी तेच कडवळ घटाघट ओढलं. माझा निकाल असा, की कालवडीला आधी वाचवलं मामीच्या पेंढीनं आणि मग सुईनं. चिंचेला मी तिसरा नंबर देतो. गंमत म्हणजे मामी चिंचेसाठी भांडत होती आणि स्वतःच्या पेंढीचं नावसुद्धा काढत नव्हती. गुरं राखणाऱ्यांची रीत होतीच की सकाळी आधी वाळली वैरण आणि मग हिरव्या रानात. औषध म्हणून ती कुणी मोजली नाही. खरं तर मुळ्या आणि काढ्यांपेक्षा तिनं जास्त गुरं वाचवली असतील.

आणि तात्यांनी हरणीच्या नरड्यात कोळ ओतू दिला नाही, ते मला चिंचेपेक्षा मोठं वाटतं. जुन्या उपायांत जनावरं जितकी वाचली, तितकीच कदाचित पाजताना ठसका लागून, औषध फुफ्फुसात जाऊन मेली असतील. जनावर उभं आहे का, गिळतंय का, हे बघायला कुठल्या झाडपाल्याचं ज्ञान लागत नाही.

पण चिंच-ताकाला अगदी नापास करू नका. त्याचा खरा दिवस आला युरिया आल्यावर. गोठ्याच्या कडेला युरियाचं फाटकं पोतं पडलेलं असतं, खारट चव लागते म्हणून गाय ते चाटते. कोटीपोटातले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, आणि थोड्या वेळात गाय फुगते, थरथरते, हंबरते. इथं आंबट पेय नेमकं लागू पडतं. अमोनिया आंबट पाण्यात अमोनियम होतो आणि अमोनियम पोटाच्या अस्तरातून सहज पार जात नाही. विष पोटातच अडकून बसतं. पशुवैद्य इथंही पातळ व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी देतात, आणि ते वेळेत मिळालं तर जनावर उठतं. ज्या माणसानं आंबटाचा उपाय पहिल्यांदा केला, त्यानं युरिया बघितलाही नसेल. उपाय आधी, रोग नंतर, असं क्वचितच होतं.

ओजस, चुलीतला कोळसा खाल्ला तर काय होतं, असं तू परवा विचारलंस. सायनाइडवर त्याचा फारसा उपयोग नाही, हे विष कोळशाला नीट चिकटत नाही. पण घाणेरीवर आहे. घाणेरी, टणटणी, काहीही म्हणा, ती लाल-पिवळ्या फुलांची झुडपं. अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून ती आणली आणि आता आपले डोंगर तिनं व्यापलेत. आपलं गावरान गुरू सहसा तिला तोंड लावत नाही. दुष्काळात किंवा परमुलखातून आणलेलं जनावर लावतं.

घाणेरी खाल्लेली एक काळी-पांढरी संकरित गाय मी बघितली आहे. दुसऱ्या दिवशी ती खाईना, डोळे पिवळे पडले, उन्हात उभी राहीना. आणि मग तिच्या अंगावर जे दिसलं ते विश्वास बसू नये असं होतं. पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी भाजल्यासारखी लाल होऊन सालपटं निघाली होती, आणि त्यांना लागूनच असलेले काळे ठिपके धडधाकट. जणू कुणी नकाशा बघून भाजलं होतं.

याचं कारण ऐका. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य कोटीपोटातले जिवाणू मोडतात, त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. रोज, प्रत्येक गाईत होतो. यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं, म्हणून कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. घाणेरीतलं विष यकृतातले पित्ताचे रस्ते बंद करतं. मग फायलोएरिथ्रिन रक्तात फिरतं, कातडीखाली पोहोचतं, आणि त्यावर ऊन पडलं की कातडी जळते. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, पांढरीत अडवायला काही नसतं. गाईला जाळलं ते सूर्यानं, पण काडी टाकली ती तिच्याच रोजच्या चाऱ्यानं. अशा जनावराला अंधाऱ्या गोठ्यात बांधायची जुनी रीत आहे आणि त्यात सुधारणा करायला डॉक्टरांनाही जागा मिळाली नाही.

घाणेरीचा डाव आणखी खोल आहे. तिच्या विषानं कोटीपोटाची हालचाल थांबते. त्यामुळं खाल्लेला पाला तिथंच पडून राहतो आणि दिवसचे दिवस थोडं थोडं विष सोडत राहतो. इथं कोळसा कामाला येतो, कारण विष अजून पोटातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घाणेरी लागलेल्या गाईंना मोठ्या मात्रेत कोळसा देऊन त्या बऱ्या केल्या. मोठ्या जनावराला अडीच किलोपर्यंत, वीसेक लिटर पाण्यात कालवून. पण तो चुलीतला कोळसा नव्हे. मुद्दाम भट्टीत तापवून त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात. त्याच्या एका ग्रॅमची आतली-बाहेरची सगळी पृष्ठं उलगडून पसरली तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतात. मुक्ता, गुंठ्यात सांग. बरोबर, जवळजवळ दहा गुंठे. चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान! चुलीतल्या कोळशात ही रानं फार थोडी, म्हणून त्याचा गुण थोडा, पण अगदीच नाही असं नाही. काविळीवर भुईआवळीही आपल्याकडं देतात. द्यायला हरकत नाही, पण पोटात पाला कुजत पडला असताना नुसती भुईआवळी देत बसू नये.

आता शेवटची गोष्ट. ही मला सगळ्यांत आवडते, कारण हिच्यात औषध म्हणजे झाडही नाही आणि सुईही नाही.

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही संस्था काढली, हे तुम्ही ऐकलंय. सत्तरच्या दशकात त्यांनी सुबाभूळ गावोगाव पोहोचवली. भराभर वाढते, दुष्काळात हिरवी राहते, पाल्यात प्रथिनं भरपूर. फक्त त्या पाल्यात मिमोसिन असतं. पोटात त्याचा डीएचपी नावाचा पदार्थ होतो आणि तो गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम बिघडवतो. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चारलेल्या गुरांचे केस गळत, गळ्याला गाठी येत, लाळ गळे, वजन वाढत नसे. पण हवाई बेटांवर शेळ्या जवळजवळ नुसत्या सुबाभळीवर जगत होत्या आणि त्यांना काही होत नव्हतं. झाड तेच, विष तेच.

रेमंड जोन्स नावाचा ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ यावर विचार करत बसला. फरक झाडात नसेल तर पोटात असणार. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटात असा कुणीतरी जिवाणू असला पाहिजे, जो डीएचपी खाऊन टाकतो. 1980 च्या दशकात त्यानं हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या गुरांच्या पोटात सोडले. गुरं सुबाभूळ खाऊ लागली आणि तब्येतीनं राहू लागली. एवढंच नव्हे, ज्यांना दिलं नव्हतं अशा कळपातल्या इतर गुरांतही तो जिवाणू आपोआप पसरला. एकाच गव्हाणीत तोंड घालणारी, एकमेकांना चाटणारी जनावरं ती. पुढं 1992 साली त्या जिवाणूचं रीतसर बारसं झालं, सिनर्जिस्टेस जोनेसाय. प्राणवायूत तो मरतो, आणि डीएचपी हे त्याचं जेवण आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आजही असे जिवाणू टाकीत वाढवून गुरांना पाजण्यासाठी शेतकऱ्यांना देतात.

ओजस विचारतोय, जिवाणूला जोन्सचं नाव दिलं, मग शेळीचं का नाही? मलाही तेच वाटतं. काम शेळ्यांचंच होतं.

एका जनावराच्या पोटातलं दुसऱ्याला देणं ही कल्पना मात्र प्रयोगशाळेतली नाही. युरोपातले जुने गुराखी, खाणंपिणं सोडलेल्या गाईसाठी, रवंथ करणाऱ्या निरोगी गाईच्या तोंडातून तो घास काढून आजारी गाईच्या तोंडात कोंबत. बघणाऱ्याला किळस वाटली असेल, पण त्या एका घासातून कोट्यवधी जिवाणू जात होते. आज पशुवैद्यही निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं पाणी काढून, पचन बंद पडलेल्या जनावराला नळीनं देतात. घासाऐवजी नळी आली, बाकी सगळं तेच.

आपल्याकडं कुणी नव्यानं सुबाभूळ लावली तर इतकं करावं. गुरांना सुरुवातीला थोडी थोडी द्यावी, हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं नेऊ नये, म्हणजे पोटातल्या मंडळींना सवय व्हायला वेळ मिळतो. घोड्या-गाढवांना मात्र देऊच नये. त्यांना कोटीपोट नसतं, तिथं मदतीला कुणी येत नाही, आणि पहिल्यांदा आयाळ आणि शेपटीचे केस जातात. हसू नका. बिनकेसांच्या शेपटीचं गाढव माशा कशानं हाकलणार?